पाहुणे बोलून जातात, त्यांचे शब्द कुठे आहेत?

प्रति,
शिवाजी विद्यापीठातील अध्यासने व अधिविभाग, कोल्हापूर शहर-जिल्ह्यातील महाविद्यालये आणि व्याख्यानमाला भरवणारे सर्व आयोजक

विषय : पाहुण्यांची व्याख्याने आणि जयंती-पुण्यतिथीची भाषणे पूर्ण स्वरूपात जतन करण्याबाबत

सन्माननीय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर १९५२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजाराम महाविद्यालयाच्या वार्षिक संमेलनात बोलले. ज्ञान हा माणसाच्या जीवनाचा पाया आहे, विद्यार्थ्याची बौद्धिक उमेद टिकवायला आणि त्याची बुद्धी जागी करायला शक्य ते सगळं केलं पाहिजे, असा त्या भाषणाचा गाभा होता. सत्तर वर्षं उलटून गेल्यावर मला हे लिहिता येतं, कारण त्या दिवशी कुणीतरी ते टिपून घेतलं, कुणीतरी छापलं आणि पुढे चरित्रकाराच्या हाती ते लागलं. टिपून घेणाऱ्याचं नाव मला ठाऊक नाही. त्याचे उपकार मात्र फार मोठे आहेत.

आता याच गावात गेल्या महिन्यात झालेलं एखादं चांगलं व्याख्यान मला पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत वाचायचं असेल, तर मी कुठे जायचं? हा एकच प्रश्न घेऊन तुम्हा सर्वांना हे पत्र लिहितो आहे.

मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काम केलं. संध्याकाळ झाली की कार्यक्रमांच्या प्रेसनोट यायला सुरुवात व्हायची. दीड तासाच्या भाषणाची जास्तीत जास्त दोन कॉलमांची बातमी होई. तिच्यातली निम्मी जागा प्रमुख उपस्थिती, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सूत्रसंचालन आणि आभार यांतल्या नावांना जाई. एखादं नाव गळलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येई. वक्त्याचा मुद्दा गळला म्हणून कधी कुणाचा फोन आल्याचं मला आठवत नाही. वक्त्याने विचार कुठून सुरू केला, कोणता पुरावा दिला, कुठे थांबून स्वतःच्याच म्हणण्याला मुरड घातली, हे बातमीत येऊच शकत नाही. वर्तमानपत्राची ती मर्यादा आहे आणि ती राहणार. पण आयोजकांनीही त्या कात्रणालाच भाषणाची नोंद मानावं, ते फाइलीला लावावं आणि विषय मिटवावा, हे मला मनापासून खटकतं.

कोल्हापूरला भाषण ऐकायची सवय आजची नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. राजाराम कॉलेज १८८० सालचं. बिंदू चौकातल्या सभा, शाहू स्मारक भवनातल्या व्याख्यानमाला, गल्लीतल्या मंडळांनी गणेशोत्सवात ठेवलेली व्याख्यानं, हे सगळं या गावाने भरभरून ऐकलं आहे. आपला श्रोता मोकळा आहे. पटलं तर मनापासून दाद देतो, नाही पटलं तर कार्यक्रम संपल्यावर वक्त्याला गाठून तोंडावर सांगतो. ऐकणारं गाव आपल्याला मिळालं आहे. ऐकलेलं सांभाळणारं गाव अजून व्हायचं आहे.

सांभाळलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला दक्षिण महाराष्ट्र बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर, तिशीही न गाठलेले. राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे गेले आणि तुम्ही तुमचा खरा पुढारी शोधून काढलात, अशा आशयाचं बोलले. ते शब्द आज शाळेतल्या पोरालाही माहीत आहेत. का? तर त्या परिषदेतली भाषणं छापली गेली, ठराव छापले गेले आणि पुढच्या पिढ्यांनी ते पुन्हा पुन्हा काढून वाचले. या परिषदेची शताब्दी आली तेव्हाची गोष्ट तर मला विसरताच येत नाही. शताब्दीचा दुसरा दिवस, २२ मार्च २०२०, हा नेमका जनता कर्फ्यूचा दिवस निघाला. करोनामुळे गर्दी जमवणं शक्यच नव्हतं. मंडप नाही, पाहुणे नाहीत, हार नाहीत. त्या दिवशी मी घरात बसून शाहू महाराजांचं आणि बाबासाहेबांचं माणगावचं भाषण वाचलं. माझ्यासारखं आणखी किती जणांनी केलं असेल! कार्यक्रम रद्द झाला तरी स्मरण रद्द झालं नाही, कारण मजकूर हाताशी होता.

साहित्य संमेलनाची एक चांगली रीत इथे सांगायला हवी. तिथे अध्यक्षीय भाषण छापून काढतात. १९३२ साली कोल्हापुरात संमेलन भरलं आणि सयाजीराव गायकवाड महाराज अध्यक्ष होते. १९७४ साली इचलकरंजीला पु. ल. देशपांडे होते. अध्यक्षीय भाषणांचे संग्रह झाले आहेत आणि अभ्यासक आजही ते चाळतात. संमेलनावर टीका करणारे पुष्कळ आहेत, मीही काही बाबतींत करतो, पण भाषण छापायचंच हा त्यांचा दंडक विद्यापीठांनीही उचलावा असा आहे. वि. स. खांडेकर १९४१ मध्ये सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांचं स्मृती संग्रहालय आपल्या विद्यापीठाच्या आवारात आहे. एका लेखकाचा चष्मा, लेखणी, पत्रं इतक्या निगुतीने जपणाऱ्यांना बोललेल्या शब्दाची किंमत मी वेगळी काय सांगणार.

आणि व्याख्यान छापलं की ते किती लांब जातं, हे कोल्हापूरने गोविंद पानसरे अण्णांच्या बाबतीत पाहिलं आहे. शिवाजी महाराजांवरचं त्यांचं एक व्याख्यान पुस्तिकेच्या रूपात आलं. ते गावोगाव गेलं, दुसऱ्या भाषांत गेलं. व्याख्यानाला काही शे माणसं असतील. वाचणारे किती झाले याची गणती करणं अवघड आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये अण्णांना गोळ्या घालून मारलं. पुस्तिका अजून वाचली जाते आहे.

शिवाजी विद्यापीठाला मी हे विशेष आग्रहाने सांगतो, कारण कागद जपणं हे या विद्यापीठाच्या जन्मापासूनचं काम आहे. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासाचे संशोधक. ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड त्यांनी संपादित केले आणि ते विद्यापीठाने प्रसिद्ध केले. पुढे डॉ. विलास संगवे यांच्या संपादनाखाली शाहू संशोधन केंद्राने राजर्षी शाहूंच्या कागदपत्रांचे खंड काढले. हुकूम, पत्रव्यवहार, अर्ज, शेरे, सगळं तारीखवार. आज कुणीही शाहू महाराजांवर लिहायला बसला की त्याला या खंडांकडे जावंच लागतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या राणीची आणि शंभर वर्षांपूर्वीच्या राजाची कागदपत्रं इतक्या कष्टाने लावणाऱ्या संस्थेकडून, तिच्या स्वतःच्या व्यासपीठावर काल काय बोललं गेलं याचाही खंड मी मागितला, तर ती मागणी अवाजवी ठरू नये.

१८ नोव्हेंबर १९६२ ही विद्यापीठाच्या उद्घाटनाची तारीख. राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते ते झालं. त्याच दिवशी लडाखमध्ये रेझांग ला इथे आपले जवान चिन्यांशी लढत होते. तीनच दिवसांनी यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. कोल्हापूर, सातारा, सांगली हा घराघरांतून फौजेत माणसं पाठवणारा मुलूख. अशा दिवशी, अशा मुलखात, एक तत्त्वज्ञ राष्ट्रपती नव्या विद्यापीठाचं दार उघडतो, तेव्हा तो काय बोलतो? दरवर्षी वर्धापनदिनाला हे भाषण मूळ इंग्रजी आणि मराठी अनुवाद अशा दोन्ही रूपांत नव्याने दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती पडावं, असं मला वाटतं. सोबत त्या आठवड्यातल्या घडामोडींचं एक पान जोडावं. अठरा वर्षांच्या मुलाला आपण कुठे शिकायला आलो हे त्यातून जितकं कळेल, तितकं दुसऱ्या कशातून कळणार नाही.

आता कार्यक्रमानंतर मागे काय उरतं ते पाहू. मी ज्या काही संस्थांमध्ये श्रोता म्हणून जात आलो, तिथे कार्यक्रमाची फाइल व्यवस्थित लागते. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीला दाखवायला ती लागतेच. निमंत्रण पत्रिका असते, हजेरीपत्रक असतं, जिओटॅग केलेले फोटो असतात, अर्ध्या पानाचा अहवाल असतो, कात्रण असतं, मानधनाची पावती असते. कुणी आलं होतं, किती जण होते, केव्हा सुरू झालं आणि केव्हा संपलं, हे सगळं पुराव्यानिशी. भाषण तेवढं नसतं. एका महाविद्यालयात मी एका इतिहास संशोधकाच्या व्याख्यानाबद्दल विचारायला गेलो होतो. सनदांच्या वाचनावर ते गृहस्थ इतकं मोलाचं बोलले होते की मला ते नीट तपासून लिहायचं होतं. तिथल्या लिपिकाने फार आपुलकीने फाइल काढून दिली. तिच्यात दीपप्रज्वलनाचे, शाल-श्रीफळ देण्याचे, स्मृतिचिन्हाचे असे पुष्कळ फोटो होते. भाषणावर एक ओळ होती : मान्यवरांनी मौलिक मार्गदर्शन केले. तो संशोधक आता नाही. त्या दिवशी तो जे बोलला ते त्याने कुठे लिहिलेलंही नाही, मी शोधलं आहे.

हा दोष कुणा एका व्यक्तीचा नाही. लिपिकाला जे मागितलं जातं ते तो लावतो. प्राध्यापकाच्या डोक्यावर परीक्षा, प्रवेश, अहवाल यांचं ओझं आहे. भाषण जपणं हे कुणाचंच ठरवून दिलेलं काम नाही, म्हणून ते होत नाही. ते कुणाचं तरी काम करा, एवढंच मागणं आहे.

जयंत्या-पुण्यतिथ्यांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. कुणाच्या जयंत्या साजऱ्या करायच्या याचं परिपत्रक शासन दरवर्षी काढतं. यादी वाढत जाते. कार्यालय उघडायच्या वेळी टेबलावर प्रतिमा येते, हार घातला जातो, उपस्थितांची नावं लिहिली जातात, फोटो निघतो आणि पाच मिनिटांत सगळे आपापल्या टेबलाशी जातात. मी प्रतिमापूजनाच्या विरोधात नाही. हार घालणाऱ्या माणसाच्या मनात भाव असतो, तो मी पाहिला आहे. पण विद्यापीठ आणि महाविद्यालय ही विचार करायची ठिकाणं आहेत. थोर माणसाच्या स्मरणाला तिथे त्या माणसाच्या विचाराशी झटापट करणारं एक तरी भाषण पाहिजे.

असं भाषण कसं असतं? १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात डॉ. आंबेडकरांनी केलं तसं. जयंतीचं भाषण म्हणून गोडगोड बोलून ते मोकळे झाले नाहीत. थोर पुरुष कुणाला म्हणावं, इतिहास माणूस घडवतो की माणूस इतिहास घडवतो, विभूतिपूजा देशाला कुठे नेते, हे सगळं त्यांनी मांडलं. रानड्यांची तुलना त्यांनी गांधी आणि जिना या त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य अशा दोन नेत्यांशी केली आणि त्या दोघांवर जी टीका केली ती आजही वाचताना टोचते. हे जयंतीचं भाषण होतं! ते छापलं गेलं आणि म्हणून आपण त्याच्याशी आजही वाद घालू शकतो. आपल्याकडच्या एखाद्या जयंतीच्या भाषणाशी वाद घालावा असं ऐंशी वर्षांनी कुणाला वाटेल का, हे प्रत्येक आयोजकाने स्वतःला विचारावं.

स्मरण धाडसाचंही असू शकतं, हे कोल्हापूरने दाखवून दिलं आहे. डिसेंबर १९५० मध्ये भाई माधवराव बागलांनी बिंदू चौकात महात्मा फुल्यांचा आणि डॉ. आंबेडकरांचा पुतळा उभा केला. बाबासाहेब तेव्हा हयात होते. हयात माणसाचा, आणि तोही ज्याच्या मतांना समाजाचा मोठा भाग विरोध करत होता अशा माणसाचा पुतळा भर चौकात बसवणं हे त्या काळी सोपं नव्हतं. आणि स्मरण मौनाचंही असू शकतं. ६ मे २०२२ रोजी राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता शंभर सेकंद अख्खं कोल्हापूर जागच्या जागी थांबलं. मी तेव्हा रस्त्यावर होतो. रिक्षावाले, भाजीवाल्या, शाळेत निघालेली मुलं, सगळे उभे. त्या शंभर सेकंदांत एकही भाषण नव्हतं आणि कुणाला त्याची उणीवही भासली नाही. पण त्या शताब्दीनिमित्त झालेल्या कृतज्ञता पर्वात शाहूंवर जी व्याख्यानं झाली, ती सगळी एकत्र करून त्यांचा ग्रंथ निघाला पाहिजे होता. आरक्षणाचा १९०२ चा जाहीरनामा, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, राधानगरीचं धरण, वसतिगृहं यांवर वेगवेगळ्या अभ्यासकांनी शताब्दीच्या निमित्ताने काय नवं मांडलं, हे पुढच्या पिढीला एका जागी मिळायला हवं. अजूनही वेळ गेलेली नाही. वक्ते आहेत, त्यांच्याकडे टिपणं असतील, कुणाकुणाच्या फोनमध्ये ध्वनिमुद्रण पडून असेल. विद्यापीठाने जाहीर हाक दिली तर लोक आणून देतील.

आता कामाचं बोलतो.

मराठी वक्ता मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो असं धरलं तर तासाच्या भाषणाचे सहा-सात हजार शब्द होतात. छापील पानं वीस-बावीस. सवय असलेल्या मुलाला किंवा मुलीला ध्वनिमुद्रण ऐकून हे उतरवायला साधारण एक दिवस पुरतो. आता संगणक बोलणं ऐकून मराठीत मजकूर उतरवून देतो, त्यामुळे पहिला खर्डा आणखी लवकर होतो. मात्र गावांची नावं, माणसांची नावं, जुने शब्द आणि आपल्याकडची बोली तो हमखास चुकवतो, तेव्हा कान आणि डोळा माणसाचाच लागतो. कमवा आणि शिका योजनेत मुलांना जी कामं दिली जातात त्यांत हे एक काम घाला. मराठीच्या, इतिहासाच्या, पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला याहून चांगलं काम दुसरं कुठलं? भाषण शब्दशः उतरवताना वाक्य कसं बनतं, युक्तिवाद कसा बांधला जातो, विद्वान माणूस कुठे अडखळतो हे त्याला कळतं. दहा भाषणं उतरवलेला मुलगा वर्गात बसून शिकला त्याहून जास्त शिकून बाहेर पडेल, असं मी डेस्कवरच्या अनुभवावरून सांगतो. त्याचं नाव त्या पुस्तिकेवर छापा आणि त्याला पैसे वेळेवर द्या.

खर्डा वक्त्याकडे तपासायला पाठवायचा. महिन्याची मुदत द्यायची. बोलण्याच्या ओघात चुकलेलं साल, घसरलेला शब्द त्याला दुरुस्त करता आला पाहिजे. मात्र जे बोलले नाही ते घुसडता कामा नये आणि जे बोलले ते गाळायचं असेल तर तळटीप हवी. कायद्याची बाजूही इथेच मिटवावी. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे जाहीर भाषणावरचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे बोलणाऱ्याचा असतो. तेव्हा निमंत्रणाच्या पत्रासोबतच संमतीचा एक साधा कागद जोडायचा : आपलं भाषण आम्ही ध्वनिमुद्रित करू, छापू आणि सर्वांना वाचायला खुलं ठेवू. ज्याला हे नको असेल त्याचा मान ठेवायचा.

व्हिडिओ टाकलाय की यूट्यूबवर, असं कुणी म्हणेल. व्हिडिओ जरूर असावा. पण त्याच्यातलं नेमकं वाक्य शोधायला पुन्हा तासभर ऐकावं लागतं, प्रबंधात त्याचा पानवार हवाला देता येत नाही, माइक जवळ नसेल तर निम्मं कळत नाही, आणि चॅनल सांभाळणारा कर्मचारी बदलला की कितीदा सगळंच दिसेनासं होतं. छापलेला मजकूर ग्रंथालयात गेला की त्याला क्रमांक मिळतो, तालिकेत नाव येतं, पन्नास वर्षांनी येणाऱ्याला तो सापडतो.

प्रती मात्र एकाच ठिकाणी ठेवू नका. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं आणि कृष्णेचं पाणी कुठे कुठे शिरलं ते आपण पाहिलं. सांगलीत ग्रंथालयातल्या पुस्तकांचा लगदा झाला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आपल्या डोळ्यांदेखत जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. शाहू महाराजांच्या काळची ती वास्तू. एका रात्रीत काय जाऊ शकतं हे कोल्हापूरला आता सांगावं लागत नाही. म्हणून एक प्रत विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात, एक करवीर नगर वाचन मंदिरात, एक ज्या महाविद्यालयात भाषण झालं तिथे, आणि सगळ्यांची मिळून एक संगणकीय प्रत सर्वांना उघडता येईल अशी. खर्चाचं म्हणाल तर एका कार्यक्रमाच्या हार, स्मृतिचिन्हं, फ्लेक्स आणि चहापानाच्या बिलात एक पुस्तिका सहज बसेल. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरवावाच लागतो.

प्रश्नोत्तरंही उतरवा, ही विनंती मी वेगळी करतो. वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते निमंत्रण पत्रिकेतच छापलं असावं असं वाटू लागतं. प्रास्ताविक वीस मिनिटं, परिचय पंधरा मिनिटं, सत्कार पंधरा मिनिटं, अध्यक्षीय समारोप अर्धा तास, आणि मागच्या रांगेतल्या मुलीचा प्रश्न घ्यायला वेळ नाही. ती मुलगी गडहिंग्लजहून किंवा शाहूवाडीहून एसटीने आलेली असते. तिला गाडी गाठायची असते तरी ती हात वर करून बसलेली असते. तिचा प्रश्न आणि पाहुण्याने दिलेलं उत्तर हाच कित्येकदा त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग ठरतो, कारण पाहुणा तेव्हा तयार भाषण बाजूला ठेवून विचार करू लागतो. सत्कार कमी करा. परिचय छापून खुर्चीवर ठेवा. निदान अर्धा तास प्रश्नांसाठी राखा आणि ते नोंदीत घ्या.

आणि पाहुण्याला बोलू द्या. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी वाचलं, काही भाग गाळायला सांगितलं. त्यांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषदच रद्द झाली. न झालेलं ते भाषण बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने छापलं, पंधराशे प्रती. आज ते जगभर शिकवलं जातं आणि निमंत्रण मागे घेणाऱ्यांची ओळख तेवढ्यापुरतीच उरली आहे. अलीकडे एखाद्या पाहुण्याच्या नावावरून दोन फोन आले, एक निवेदन आलं की कार्यक्रम पुढे ढकलला जातो, हे वेगवेगळ्या गावांत घडताना मी पाहतो. शाहूंच्या गावात ते घडू नये. पाहुण्याचं म्हणणं चूक असेल तर त्याला उत्तर द्यायला आपल्याकडे माणसं आहेत, आणि भाषण शब्दशः हाती असेल तर उत्तरही नेमकं देता येतं. अर्धं ऐकून, व्हॉट्सअॅपवर आलेला तीस सेकंदांचा तुकडा पाहून होणारे तंटे पूर्ण मजकुरामुळे पुष्कळ कमी होतील, असा माझा विश्वास आहे.

शेवटचा मुद्दा स्मृती व्याख्यानमालांचा. एखादं कुटुंब आपल्या वडिलांच्या, शिक्षकाच्या, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने संस्थेकडे ठेव ठेवतं. तिच्या व्याजावर दरवर्षी एक व्याख्यान व्हावं अशी अपेक्षा असते. पहिली काही वर्षं उत्साहाची जातात. पुढे व्याजदर उतरतात, पाहुण्याचा प्रवासखर्चही त्यात भागत नाही, आणि हळूहळू ते नाव पत्रिकेच्या माथ्यावर तेवढं राहतं. समोर बसलेल्या मुलांना तो माणूस कोण होता हे ठाऊक नसतं. ज्या घराने विश्वासाने पैसे ठेवले, त्या घराशी हे बरं वागणं नव्हे. अशा प्रत्येक व्याख्यानाआधी एका विद्यार्थ्याने त्या व्यक्तीच्या कामावर दहा मिनिटांचं टिपण वाचावं, घरच्यांना भेटून, जुने कागद पाहून लिहिलेलं. ते टिपणही पुस्तिकेत जावं. व्याज पुरत नसेल तर दोन वर्षांतून एकदा व्याख्यान ठेवा, पण भाषण छापा. मला खात्री आहे, त्या घरच्यांना हे जास्त आवडेल.

येत्या २६ जूनला शाहू जयंतीच्या निमित्ताने जिल्हाभर शेकडो भाषणं होतील. त्यांतली निवडक पंचवीस घेऊन ही सुरुवात करता येईल. विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने पुढाकार घ्यावा, महाविद्यालयांनी आपापल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण आणि एकेक विद्यार्थी द्यावा, आणि सहा मेपर्यंत, म्हणजे पुढच्या पुण्यतिथीला, पहिला खंड हाती यावा. मुद्रितं तपासायचं काम मी विनामोबदला करीन. माझ्यासारखे डेस्कवरून निवृत्त झालेले आणखी काही सहकारी या शहरात आहेत. त्यांच्याशी मी बोललो आहे आणि ते तयार आहेत. बैठक कधी ठेवायची तेवढं कळवा.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक आणि जुना श्रोता
कोल्हापूर